माझ्या शब्दावर झालेली तपासणी

शहापूरच्या एका डॉक्टरांनी माझ्या वडिलांना, आबांना फसवलं. आज नातवाच्या गुडघ्याला आयोडीन लावलं आणि त्या वासाबरोबर तो दवाखाना डोळ्यांसमोर उभा राहिला.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली ते साल. मी तेव्हा म्हसा गावच्या जत्रेत बैल विकायचो. आबा महिन्यात दोनदा पडले म्हणून मीच त्यांना दाखवायला नेलं होतं. नाडी धरून डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, चक्कर येते? कुठे पडलात का?"

आबांनी तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "नाय जी. नजर साफ, पाय घट्ट. आजून भाताचा भारा उचलतात." गिऱ्हाइकासमोर जनावराची खोड सांगायची नाही, ही जिभेची सवय.

"मला इकाया आनलंस काय रे?" आबा म्हणाले. डॉक्टर हसले आणि त्यांनी शक्तीचं औषध दिलं.

आठवड्याने आबा विहिरीच्या पायरीवर पडले, ते उठलेच नाहीत.

आता मी त्यांच्या वयाचा झालो. नुसत्या माझ्या शब्दावर एकाही शेतकऱ्याने कधी बैल नेला नाही. दात बघितले, चालवून बघितला. मग डॉक्टर, तुम्ही माझ्या बापाला चार पावलं चालवून का बघितलं नाही? जबाब द्या.