खिंडीच्या अलीकडे

त्या ट्रेकला मी बायकोला फक्त सोबत म्हणून नेलं होतं. जायचं मला होतं. हिमालयातली एखादी बर्फाची खिंड एकदा तरी ओलांडायची, हे मी मेहरुण तलावाला सकाळी फेऱ्या मारताना भेटेल त्याला ऐकवून ठेवलं होतं. सासुरवाडीला धुळ्याला गेलो की पाठीवर ओझं घेऊन लळिंगचा किल्ला चढायचो, तोही मे महिन्यात, भर उन्हात. जळगावचा उन्हाळा काढलेल्या माणसाला थंड हवेत काय होणार, असा माझा हिशेब. तिची तयारी एवढीच, की नवे बूट आणले आणि ते घालून दोन-चार दिवस घरात स्वयंपाक केला.

वर गेल्यावर मी सगळ्यांच्या पुढे. ती मागून, बायकांशी गप्पा मारत, मध्येच थांबून पाणी पीत यायची. संध्याकाळी आमचा लीडर प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा. पहिल्याच मुक्कामाला तिचा आकडा माझ्याहून वर निघाला. लीडरने तिचं कौतुक केलं, मीही हसलो. पण त्या दिवसापासून मी तिच्या बोटाकडेच बघायला लागलो. आज तरी खाली येईल, आज तरी. तो येत नव्हता. माझा मात्र उतरत होता.

खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामाला दुपारी पोहोचलो तेव्हा डोकं फुटेल की काय असं झालं होतं. जेवणाचा वास नको वाटत होता. असं काही झालं तर लगेच सांगा, लपवू नका, हे लीडरने रोज बजावलं होतं. मी त्याला दमलोय म्हणालो आणि तंबूत तिला सांगितलं, ऊन लागलंय.

तिला ते पटलं. बर्फावर ऊन होतंच, आणि डोकं दुखून उलटीसारखं झालं की आमच्या खान्देशात दुसरं काही सुचत नाही. उन्हाळ्यात आम्ही खिशात कांदा ठेवल्याशिवाय बाहेर पडत नाही, तर ती हिमालयातही सावद्याच्या मावशीकडचे पांढरे कांदे घेऊन आलेली. तिने कांदा ठेचून माझ्या तळपायांना चोळला. घरून आणलेल्या कैरीच्या गराचं पन्हं करून घोट घोट पाजलं. मी करू दिलं. हे विरळ हवेचं दुखणं आहे, कांद्याने जाणारं नाही, हे मला कळत होतं. पण लीडरला सांगितलं असतं तर त्याने मला थांबवलं असतं, आणि ती पुढे गेली असती.

सकाळी बूट घालून उठलो तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खायला लागलो. लीडरने सरळ रेषेत चालायला सांगितलं, ते जमलं नाही. त्याने एकच सांगितलं, आत्ताच्या आत्ता खाली. त्याचा माणूस मला घेऊन उतरेल, मॅडमची तब्येत उत्तम आहे, त्यांनी पुढे जावं.

ती माझ्याकडे बघत होती.

"तू जा," मी म्हणालो. म्हणालो खरं, पण तिचा हात सोडला नाही.

ती माझ्यासोबत उतरली. खालच्या मुक्कामाला येईपर्यंत माझी डोकेदुखी बरीचशी उतरली, भूक लागली. मी खिचडी मागून घेऊन खाल्ली. ती खिंडीकडे पाठ करून बसली होती.

परतताना धुळ्याला उतरलो. तिच्या मोठ्या भावाने विचारलं, झाली का खिंड? मी बोलून गेलो, "हिला जरा त्रास झाला, मग फिरलो." ती वाढत होती. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भाजी वाढत राहिली. ती तिथेच बोलली असती तर बरं झालं असतं, असं मी पुढे कितीदा मनात म्हटलं. म्हणजे दोषही तिच्याच पदरात.

यंदा त्याच ट्रेकमधल्या बायकांनी तिला पुन्हा बोलावलं. आम्ही धुळ्याला असताना तिने विषय काढला तर भाऊ एकदम आडवा आला.

"तुले झेपाव नही, बाई. मागच्या खेपेला तूच पडली ना आजारी? दाजी, तुम्ही सांगा तिला."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझं काम परस्पर होत होतं. मी काही न बोलता ती घरी राहणार होती आणि ती खिंड आम्हा दोघांचीही राहिलेलीच राहणार होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ताट उचलून आत निघाली. तिने माझ्याकडून काही अपेक्षाच धरली नव्हती, हे मला त्या पाठमोऱ्या जाण्यात दिसलं.

"त्रास मला झाला होता," मी म्हणालो. "हिला काही झालं नव्हतं. माझ्यामुळे फिरली ती."

भाऊ म्हणाला, "आणि आम्ही वर्षभर हिच्या अंगात रक्त नाही म्हणून खजूर पाठवतोय तो?"

"तो यांनीच खाल्ला," ती आतून म्हणाली.

भाऊ हसला, वहिनी हसल्या. मला हसू आलं नाही. घरी येताना गाडीत मी माफी मागितली नाही. अमळनेरच्या पुढे तिने फक्त विचारलं, "मी जाऊ ना?" मी मान हलवली. या वेळी हात स्टेअरिंगवर होते.

परवा तिचा फोटो आला. मागे बर्फ, दोरीला बांधलेल्या पताका, आणि ती दोन बायकांच्या मध्ये. मी तो मोठा करून तिच्या चेहऱ्यावर थकवा शोधला, डोळ्याखाली सूज, काहीतरी. काही नव्हतं. हे मी शोधलं, तेही इथे लिहून ठेवतो. मग भावाचा फोन आला, पोचली का बाई, त्रासबिस?

"पोचली," मी म्हणालो. "काही त्रास नाही तिला."

हे खरं होतं, आणि ते म्हणणं मला अजूनही जड गेलं.