मुरारीनं मासा कायले सोडला

सिहोऱ्याकडच्या तलावावर महाजाळ ओढणारा मुरारी मासा खाईनासा झाला, आणि त्याच्यामागे जे लचांड लागलं ते ऐकण्यासारखं आहे, बरं का.

झालं होतं एवढंच. बायको जमुनाबाई पोरीच्या बाळंतपणाला लाखनीला गेली. मुरारी घरी एकटा. दिवसभर मासळीत हात, मग संध्याकाळी पुन्हा खवले कोण काढणार? भात टाकायचा, लाखोरीची डाळ शिजवायची, बांधावरची भाजी खुडायची. जमुनाबाई परतली, तिनं हौसेनं मरळीचं कालवण केलं, तर घास घशाखाली उतरेना. जिभेला डाळच गोड लागायला लागली होती. संपली गोष्ट.

पण लोक संपू देतील तर ना!

"माळ घातली का रे भाऊ?" जाळं ओढणाऱ्या जोडीदार मंगरूनं विचारलं.

"नाही."

"मंग सुगर निघाली?"

"नाही ना बाप्पा! आवडून नाही राहिला, बस."

"ढिवराच्या घरी मासा आवडत नाही?" मंगरू हसून हसून खोकला. जमुनाबाई घरातूनच टोला हाणी, "माह्या हाताची चव गेली म्हना ना सरळ!"

मुरारीच्या मस्तकात तिडीक जाई. माणसाचं एखादं खाणं आपसूक सुटलं, तर त्याला कारण पाहिजेच का?

उन्हाळ्यात तलाव आटला, महाजाळ टाकायचा दिवस आला. तिथली रीत अशी, की पहिल्या खेपेची मासळी तलावाच्या पाळीवरच, बांधावर शिजवायची आणि त्या गंजातलं, पातेल्यातलं जो खाईल त्यानंच जाळ्याची दोरी धरायची. म्होरके भैय्यालाल वाढत होते.

"मी नाही खात, भैय्याजी."

"मंग दोरी नाही. पुरा साल नाही."

मुरारीचं तोंड उतरलं. बापानं आपल्या हातानं त्याच्या हाती दिलेली दोरी होती ती! पुतण्या देवानंद कानाशी लागला, "काकाजी, डाक्टरनं मना केलं म्हना. निपटलं!"

मुरारीनं दातओठ खात तेच म्हटलं.

"अरे, आधी नाही सांगाचं का!" भैय्यालाल कळवळले. "बिमार माणसाले दोरी कायले? बस मोहाखाली. सर्व्याइच्या चपला पाह्य."

घ्या! खरं बोलला तर दोरी गेली, खोटं बोलला तरी गेली. मुरारी मोहाच्या झाडाच्या सावलीत बसला. डब्यातला डाळभात त्यानं चिडून चिडून खाल्ला, पार तळ घासून. तिकडे जाळं पाण्यात पडलं, हाका सुरू झाल्या. मग त्याच्यानं राहवेना. धोतर खोचून तो सरळ पाण्यात शिरला आणि त्यानं दोरी धरली.

"अबे मुरारी, सोड!" भैय्यालाल ओरडले.

"बिमार नाही मी! अन् मासाही नाही खात! ओढा आता!"

जाळं भरून आलेलं. अशा वेळी दोरीवरचा माणूस कोण काढणार? भैय्यालाल पुटपुटले आणि ओढू लागले.

तेवढ्यात मागे तीच दोरी धरलेला मंगरू हळूच म्हणाला, "पन भाऊ, खरं सांग ना, कायले सोडला?"

मुरारीनं दोरीला असा हिसका दिला, की मंगरूचं तोंड थेट चिखलात गेलं.