मनूच्या आत्याचं मुलुंड

कराडहून निघालेली आमची एस.टी. मुलुंडच्या चेकनाक्यावर थांबली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. माझी लेक मनू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. तिला हलवून उठवलं, पिशव्या सांभाळत खाली उतरले, आणि समोर पाहिलं तर नजर पोचेल तिथपर्यंत ट्रकच ट्रक उभे. त्यांच्या कडेने माझी नणंद वसुधा हात हलवत येत होती.

मनू डोळे चोळत म्हणाली, "एवढे ट्रक का थांबलेत?"

मी सवयीने म्हणाले, "तूच विचार कर बघू." मनू पायाने खडा उडवू लागली. वसुधाने तिचा हात धरला आणि रिक्षाकडे जाता जाता सांगून टाकलं, की मुंबईत माल आणायचा तर वेशीवर जकात (माल शहरात आणण्याचा कर) भरावी लागते. आत काय आहे ते तपासून पावती फाडतात, आणि तोवर ट्रकवाले खाली उतरून स्टोव्हवर चहा करून पितात. एक क्लीनर खरंच चाकाच्या आडोशाला स्टोव्ह पेटवत होता. मनूला जकातीपेक्षा तो स्टोव्ह जास्त आवडला असावा, पण रिक्षात बसल्यावर तिने मला 'जकात' हा शब्द दोनदा ऐकवला, जणू तो मला माहीतच नव्हता.

मी कराडच्या प्राथमिक शाळेत शिकवते. सामान्यज्ञानाचा तास वर्षानुवर्षं माझ्याकडेच आहे. दूध का नासतं, साबणाला फेस का येतो, कापूर उघडा ठेवला की कुठे जातो, असलं काही विचारायचं असलं की मुलं माझ्याभोवती गोळा होतात. आमच्या ह्यांना सुट्टी मिळाली नाही म्हणून मे महिन्यात आम्ही दोघीच वसुधाकडे आलो होतो. मनू यंदा चौथीत जाणार. तिने मला अगदी अलीकडे काय विचारलं होतं, हे त्या रिक्षात आठवू लागले, तर काही केल्या आठवेना.

वसुधाचं घर मुलुंडच्या पूर्वेला, इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. ती घाटकोपरला टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी करते, नवरा कंपनीच्या कामाने सदा फिरतीवर. घर लहान, पण गॅलरी मोठी. तिथून पाहिलं आणि मी बघतच राहिले. इमारती जिथे संपत होत्या तिथून पुढे खाडीपर्यंत सपाट, पाण्याने भरलेले चौकोन पसरले होते, आणि बांधांवर पांढरे ढीग चमकत होते. मुलुंडची मिठागरं. 'मीठ समुद्राच्या पाण्यापासून मिळते' हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. मिठाचा ढीग मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, आणि वसुधा तो रोज दात घासताना पाहत होती. पहिला हेवा तिथे वाटला. तो माझ्या शाळेपायी होता, त्यामुळे त्याची मला लाज वाटली नाही.

सकाळी दुधाच्या केंद्रावर रांगेत उभं राहणं हे मनूचं आवडतं काम होऊन बसलं. काचेच्या बाटल्या, त्यांना चंदेरी कागदाची टोपणं. दूध तापवून मग थंड केलेलं असतं, म्हणून ते इतका वेळ टिकतं, हे आत्याने सांगितलं. मी हे तिच्याकडून मागच्याच वर्षी पाठ करून घेतलं होतं. "हो, पण तेव्हा बाटली नव्हती ना," असं मनू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वसुधाने रजा टाकली आणि ऊन चढायच्या आत आम्ही मिठागरावर गेलो. खाडीला भरती आली की झडपा उघडून पाणी आत घेतात. ते एका खाचरातून दुसऱ्यात सोडत नेतात, उन्हाने ते आटत आटत दाट होतं आणि शेवटच्या खाचरात तळाशी मीठ धरतं. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने बायाबाप्ये ते कडेला ओढत होते. पाण्याचा रंग जागोजागी वेगळा, कुठे राखाडी, कुठे चक्क गुलाबी. एका बाईने मनूला हातावर चार खडे दिले. तिने जीभ लावली आणि तोंड असं काही केलं की वसुधा हसत सुटली.

"पाऊस आला तर?" मनूने आत्याला विचारलं.

"वाट लागली," वसुधा म्हणाली. "सगळं विरघळून परत खाडीत. म्हणून त्याच्या आत उचलायची घाई."

मी म्हणाले, विरघळणं म्हणजे काय ते सांग बघू, आणि साखर विरघळते तसं आणखी काय काय विरघळतं? मनू बांधावरून पुढे पळाली. मी तिच्यामागे निघाले आणि ओल्या बांधावरून जो पाय सरकला तो थेट गुडघ्यापर्यंत चिखलात. मीठ ओढणारी बाई "बाय, कडेकडेनी चल" म्हणेपर्यंत मी खाली बसलेही होते. तिने आणि वसुधाने मला ओढून काढलं. एक चप्पल तिथेच राहिली. मनू हसत होती, आणि तिने हसताना आत्याच्या पदराला धरलं होतं. चिखलाचं मला काही वाटलं नाही. त्या पदराचं वाटलं.

रविवारी बोरिवली. मुलुंडहून बस बदलत बदलत गेलो, मग राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत दुसरी बस. दोन्ही बाजूंना वाळलेलं रान, झाडांना पान नाही, आणि वाटेत माकडांनी आमच्या डब्यातली थालीपीठं पळवली. वसुधाने मग पायथ्याशी काकड्या घेतल्या. तिखट-मीठ लावलेल्या त्या काकड्यांइतकं चवदार मी त्या प्रवासात काही खाल्लं नाही, हेही इथे सांगायला हवं.

कान्हेरीला मात्र मी तयारीनिशी आले होते. लेणी माझा विषय. इतिहासाच्या तासासाठी मी सगळं वाचलेलं होतं. काळ्या खडकाच्या पायऱ्या चढत आम्ही वर गेलो. दारांशेजारी जमिनीत चौकोनी तोंडाच्या पोढ्या (खडकात खोदलेली पाण्याची टाकी) होत्या आणि भर मे महिन्यात त्यांच्या तळाशी पाणी होतं. मनू एका पोढीवर ओणवी झाली आणि कोणाकडे न पाहता म्हणाली, "एवढ्या उंच डोंगरावर पाणी आणलं कोणी?"

या वेळी मी उलटा प्रश्न केला नाही. तिच्याजवळ जाऊन बसले आणि खडकात कोरलेल्या बारीक पन्हळी बोटाने दाखवल्या. पावसाळ्यात डोंगरावरून वाहणारं पाणी या पन्हळींतून पोढीत उतरतं, जाड खडकाच्या आत ते गार राहतं, आणि इथे राहणारे भिक्षू ते वर्षभर वापरत. मी इतकं नीट सांगितलं की शेजारी उभं असलेलं एक गुजराती कुटुंबही ऐकू लागलं.

मनूने सगळं ऐकून घेतलं. मग मान वळवून तिने विचारलं, "खरं का गं, आत्या?"

वसुधा गडबडली. "अगं, आईला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे. मला तर हे आजच कळलं," असं ती म्हणाली. तिचा हा चांगुलपणा मला त्या क्षणी अजिबात सहन झाला नाही. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी एकटी बसले आणि गोरेगाव आलं की अंधेरी, याकडे माझं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मनूने भात कालवत जाहीर केलं, की तिला इथेच राहायचंय, शाळाही इथलीच. वसुधाने तिला आणखी भात वाढला. मग म्हणाली, पाचवीपासून विचार करायला हरकत नाही, जवळ चांगली शाळा आहे. मी म्हणाले, "तिला आई आहे, वसुधा." एवढंच. पण ते मी ज्या आवाजात म्हणाले त्याने मनूचा घास हातातच राहिला.

भांडी झाल्यावर आम्ही दोघी गॅलरीत उभ्या होतो. मिठागरांवर अजून थोडा उजेड होता. वसुधाने विचारलं, "वहिनी, माझा राग आलाय का?"

"राग नाही गं. हेवा वाटतोय," मी म्हणाले. बोलून गेले खरी, पण मोकळं वाटलं.

तिने कठड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "रागावू नका, पण एक सांगू? मनूने तुम्हाला एक विचारलं की तुम्ही तिला तीन विचारता. मला विचारलं की मला जे येतं ते मी सांगते, नाही तर नाही येत म्हणते. तिला ते सोपं पडतं."

मी त्यावर वाद घालू शकले असते. शिकवण्याचं शास्त्र मला तिच्यापेक्षा जास्त कळतं. पण मला चेकनाका आठवला, मिठागरावरून पळालेली मनू आठवली, आणि मग वाद घालावासा वाटेना. हेवा त्याने कमी झाला नाही, उलट वाढला. माझ्या मुलीची ही एवढी गोष्ट माझ्या आधी हिला कळली होती.

मी आत गेले. मनू चादर ओढून पडली होती, जागीच होती. तिला म्हटलं, शाळा कराडचीच, त्यात बदल नाही. मी उद्या निघतेय, पण तुला सुट्टी संपेपर्यंत राहायचं तर राहा, बाबा न्यायला येतील. तिने उठून माझ्या गळ्यात हात टाकले. मला वाटलं होतं, ती निदान एकदा तरी 'आणि तू?' म्हणेल. म्हणाली नाही.

सकाळी त्याच नाक्यावर दोघी मला पोचवायला आल्या. बस सुटेपर्यंत मनू काचेशी उभी राहून बडबडत होती, आणि बस हलल्यावर हात हलवता हलवताच तिने वसुधाला काहीतरी विचारलं. ते मला ऐकू आलं नाही. पनवेलपर्यंत मी तो प्रश्न काय असेल याचाच विचार करत होते.

खंडाळ्याचा घाट चढू लागलो आणि कानांत दडे बसले. माझ्या शेजारी पाटणच्या एक आजी होत्या, त्याही कान चोळत होत्या. मनू असती तर इथे तिने नक्की विचारलं असतं. मी उत्तर मनात लावूनही ठेवलं, उलटा प्रश्न न घालता. विचारायला कोणी नव्हतं. शेवटी मी आजींनाच न विचारता सांगितलं, की वर चढलं की हवेचा दाब कमी होतो, कानाच्या आतली हवा पडद्याला बाहेर ढकलते, आवंढा गिळला की बरं वाटतं.

आजींनी आवंढा गिळला. "व्हय, झालं की मोकळं," असं म्हणाल्या आणि पदर तोंडावर ओढून झोपी गेल्या.

कराडला पोचले तेव्हा हे स्टँडवर आले होते. मनू दिसेना म्हणून त्यांनी माझ्यामागे पाहिलं. मी सगळं सांगितलं, हेव्यासकट. मुलुंड फार छान आहे, हेही सांगितलं. मिठागरं बघावीत, कान्हेरीच्या पोढ्या बघाव्यात, काकड्या खाव्यात. घरी येऊन दार उघडलं, दिवा लावला. घर मी सोडलं होतं तसंच होतं, पण कोणी काही विचारत नव्हतं, आणि एका खोलीत किती शांतता मावते हे मला त्या संध्याकाळी कळलं.