मधमाश्या राहतात शिवकृपा वसाहतीत

आमच्या शेजारचे गुरुबसप्पा अण्णा जन्मभर एसटीत कंडक्टर होते. उदगीर-लातूर रस्त्यावरचा एकेक थांबा त्यांनी घसा बसेपर्यंत ओरडून सांगितला. निवृत्त झाल्यावर मधमाश्या पाळायला लागले, आणि तेव्हापासून हा माणूस कुठल्याच जागेचं नाव तोंडातून काढत नाही.

टेम्पोत पेट्या भरून ते निघाले की आम्ही बायका फाटकाशी उभ्या असतो. निघालेल्या माणसाला 'कुठं' असं विचारू नये, काम बिघडतं. म्हणून मी रीतीप्रमाणे म्हणते, "लांब का अण्णा?"

"हाव वैनी. थोडं लांबच."

त्यांची बायको नीलाक्का पदराला हात पुसत म्हणते, "तुम्ही शेजारच्या. मी तर घरची, मलाबी एवढंच कळतं. दुसरा संसार मांडलाय का काय, देव जाणे."

"मांडलाय की. चाळीस राण्या हायत," अण्णा म्हणतात आणि टेम्पोत चढतात.

एका पेटीत एकच राणी माशी असते, हे मला तेव्हा कळलं.

न सांगण्याला कारण होतं. चांगल्या फुलोऱ्याची जागा दुसऱ्या पाळणाऱ्याला कळली की तोही आपल्या पेट्या आणून शेजारी मांडतो, मग मध दोघांनाही पुरत नाही. शिवाय रानातल्या पेटीला कुलूप कुठलं? हदगावकडच्या एका ओळखीच्या माणसाच्या सगळ्या पेट्या कोणीतरी उचलून नेल्या होत्या.

पण गप्प राहणंही महागात पडलं. मागच्या वर्षी करडईवर मावा पडला आणि एका शेतकऱ्याने भर दुपारी औषध फवारलं. बांधापलीकडे माश्या आहेत हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. अण्णा ओंजळभर मेलेल्या माश्या रुमालात बांधून घरी आले. नीलाक्काने वाढलेलं ताट त्यांनी तसंच बाजूला सारलं. मी लिंगपूजेला बसले तरी तो रुमाल डोळ्यांपुढून हलेना. जीव तो जीव, मुंगीचा काय नि माशीचा काय.

यंदा माश्या पाळणाऱ्यांच्या गटाने त्यावर उपाय काढला. ज्याने त्याने आपल्या पेट्या कुठे आहेत ते मोबाईलवरच्या यादीत भरायचं. फवारणी करणारा आधी यादी बघेल आणि पेटीवाल्याला कळवेल. गटाचं काम बघणारी लुंबिनी हदगावची, शेतकी शिकलेली. तिने सगळ्यांना फोन करून करून यादी भरायला लावली. अण्णा मात्र कुरकुरत होते.

"न्हाई सांगितलं तर औषध, सांगितलं तर चोर. करावं काय माणसानं?"

"माश्यांनाच इच्चारा," नीलाक्का म्हणाली. "पुन्हा रुमाल बांधून आलात तर मी घरात घेणार न्हाई."

शेवटी एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर चहा पिता पिता त्यांनी मोबाईल उघडला. प्रश्न होता, 'वसाहतीचे ठिकाण'. अण्णांचा चेहराच उजळला.

"एवढंच व्हय! मी उगंच भ्यालो."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाटीच आहे, 'शिवकृपा वसाहत'. त्यांनी तेच लिहिलं आणि बसल्या जागेवरूनच नकाशावर खूण केली. पुस्तकी भाषेत माश्यांच्या घरालाही वसाहत म्हणतात, हे आम्हा तिघांपैकी कोणाच्या बापाला ठाऊक?

दुसऱ्या दिवशी मागच्या घरातली महानंदा तणतणत आली. "वैनी, तुमच्या ओसरीवर चाळीस पेट्या हायत म्हणं! माझ्या जावयाला मोबाईलवर दिसल्या. नातवाला चावल्या म्हंजी?" मी तिला घरभर फिरवून आणलं, पलंगाखालीसुद्धा वाकून बघ म्हटलं. दुपारी कोणी मध मागायला आला. तोवर आम्ही हसत होतो.

मग एक पिकअप येऊन उभी राहिली. त्यातल्या माणसाने मधाचं नावही काढलं नाही. भिंतीवरून डोकावून नीलाक्काला विचारलं, "पेट्या कुठं ठेवल्यात? राखणीला रात्रीचं कोण असतं का?"

नीलाक्काच्या हातात झाडू होता. "हाव, असतंय की. कुत्रं असतंय, मालक असत्यात, अन् मी असते. तिघांत मी चावते."

पिकअप मागच्या मागे गेली.

घाबरून अण्णांनी लुंबिनीला फोन लावला. तिने यादी उघडून बघितली आणि खो खो हसत सुटली. "काका, वसाहत म्हंजी माश्यांची! तुमची न्हाई!"

नीलाक्काने फोन ओढून घेतला. "हासू नको पोरी. तो गाडीवाला खऱ्या जागी गेला असता तर?"

लुंबिनीने चौकशी केली. यादी गटाबाहेर फिरत फिरत कोणाकोणाच्या मोबाईलवर गेली होती. लुंबिनीने ती तिथल्या तिथे बंद केली आणि रविवारी स्वतः उदगीरला आली.

"जयभीम काकू."

"शरणु शरणार्थी. ये, बस," नीलाक्का आमच्या लिंगायत रीतीने म्हणाली. धपाटे वाढले, पण राग उतरलेला नव्हता.

"पण काका, जागाच न्हाई दिली तर फवारणीवाल्याला कळंल कसं?" लुंबिनीने विचारलं.

अण्णा म्हणाले, "तिकिटावर थांबा असतो. उतरून कोण कोणाच्या घरी गेला, ते कंडक्टर लिहीत न्हाई."

तिचा घास हातातच राहिला. "म्हंजी नुसतं शिवार लिहायचं. अन् तेबी कोणाला दाखवायचंच न्हाई! फवारणीवाला आपलं शिवार कळवील, तिथं ज्याच्या पेट्या असतील त्यालाच निरोप जाईल. पुढं तुम्ही दोघं बोला."

"अन् बांध?"

"बांध तुमचा तुमच्यापाशी. मलाबी नका सांगू."

अण्णांनी तिच्या ताटात आणखी एक धपाटा टाकला.

माघात पहिला निरोप आला. गावाचं नाव मी लिहीत नाही, शिरूर अनंतपाळ तालुका एवढं पुरे. नरसिंग नावाचा शेतकरी करडईवर फवारणी करणार होता, उद्या सकाळीच. अण्णांनी तिथल्या तिथे फोन लावला.

"नरसिंगराव, दिवसा नका मारू. माश्या फुलावर असत्यात."

"बरं, दिवस मावळल्यावर मारतो. पण वाऱ्यानं औषध उडतं. पेट्या कोणच्या बांधावर हायत?"

अण्णांनी फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे बघितलं. "इच्चारून राहिलाय."

"ज्याच्या फुलावर तुमच्या माश्या जेवत्यात, त्याच्यापासून लपवता व्हय?" नीलाक्का म्हणाली.

अण्णांनी फोनवरचा हात काढला. "वढ्याकाठी जुनं कडूलिंबाचं झाड हाय. त्याच्या मागं."

"त्या निळ्या पेट्या? तुमच्या व्हय! म्या रोज तिथंच भाकर खातो. मला वाटलं विजेचं कायतरी हाय, म्हणून हात न्हाई लावला."

दुसऱ्या दिवशी दिवस कलता माश्या परतल्यावर अण्णा पेट्यांची दारं बंद करून आले. सूर्य बुडाल्यावर नरसिंगने लिंबाकडची बाजू सोडून फवारणी उरकली. त्याच्या दुसऱ्या सकाळी दारं उघडायला गेलेल्या अण्णांचा फोन आला, तेव्हा मी नीलाक्काच्या स्वयंपाकघरात होते.

"ऐक, ऐक," म्हणत त्यांनी फोन पेटीपाशी धरला. घूं घूं असा भरघोस आवाज आला. माझे हात आपोआप जोडले गेले. नीलाक्काने डोळे पुसले.

"ऐकलं. आता मागं सरका, चावतील."

"माझ्या माश्या हायत. मला कशाला... आई गं!"