पान आधी, बदल नंतर

मी डिस्पॅचमध्ये चलनं टाइप करत होते तेव्हा कॉम्प्युटर रूममधून ऑपरेटर वर्माजींचा फोन आला. "मैडम, अपने भिया नहीं रहे." माळव्यात भाऊ म्हणून कुणालाही भिया म्हणतात, पण देवासच्या आमच्या कंपनीत 'अपने भिया' म्हणजे शरददादा. सुट्टीत धारच्या घरी गेले होते, तिथंच छातीत कळ आली आणि गेले. अशा वेळी माणसाला रडू येतं. मला आधी राग आला. आता हे ते एक वाक्य कधीच बोलणार नाहीत, एवढंच मनात आलं...

मी कंपनीत लागले तेव्हा कॉम्प्युटर नवाच आला होता. विभागाचे प्रमुख शरददादा. घराणं धार संस्थानच्या नोकरीतलं, त्यामुळे मराठी अशी की मुंबईहून आलेले साहेब तोंडाकडे बघत राहायचे, आणि पुढच्याच वाक्याला दादा माळवीवर यायचे. त्या यंत्रात 'ट्रेस' नावाचं एक साधन होतं. चालू प्रोग्राम यंत्राकडे काय मागतोय, कुठली फाईल उघडतोय, कुठं अडलाय, ते ओळीओळीनं छापून दाखवायचं. दादा त्यात सारखी दुरुस्ती करायचे आणि त्याचं मॅन्युअल मी सांभाळायचे. त्यांचा नियम एकच, पान आधी, बदल नंतर. काय बदलणार ते आधी मला सांगायचं, मी पान लिहायचं, जुनं पान काढून फाडायचं, मगच यंत्राला हात. नवं पान वर्माजींच्या हाती द्यायचे आणि दटावायचे, "भिया, जो लिखा है बस वही करो, अपना दिमाग मत लगाना." वर्माजी अडखळले की बोलणी मला बसत. "सुधा, वाचणारा चुकला तर पान चुकलं, कळलं?" एकेक पान चारचारदा लिहून घ्यायचे. वैताग यायचा, पण अहो, अभिमानही केवढा होता! कॉलेजात कुणी शिकवलं नाही ते या माणसानं शिकवलं.

मग मुंबईचे मोठे साहेब येणार म्हणून धांदल उडाली. चालू प्रोग्रामवर ट्रेस लावला की दोघांचं छापणं एकमेकांत मिसळायचं, ते दिसायला वाईट. दादांनी घाईत असा बदल केला की ट्रेस लावताच प्रोग्राम आधी जागच्या जागी थांबावा, वेगळा हुकूम दिल्यावरच पुढं सरकावा. मला सांगितलं नाही. माझ्या पानावर तसंच राहिलं की चालू कामावर खुशाल लावा, काम थांबत नाही. पाहुणे येऊन गेले, आणि माल पाठवण्याचा प्रोग्राम रखडतोय म्हणून वर्माजींनी पान उघडून ट्रेस लावला. सगळं ठप्प! गेटवर ट्रकांची रांग, ड्रायव्हरांचा आरडाओरडा. "मैडम, मैंने तो आपका पन्ना देखके ही चलाया था," बिचारे रडकुंडीला आले होते.

इथल्या मॅनेजरसाहेबांनी आम्हा तिघांना बोलावलं. मला काही भीती नव्हती. दादा आहेत ना, ते सांगतील. दादांनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "पान जुनं राहिलं असणार."

बस. खोटं म्हणावं तर ते खोटंही नव्हतं! मी म्हटलं, मला बदल सांगितलाच नव्हता. साहेब म्हणाले, विचारायचं काम तुमचं होतं. दादा खिडकीबाहेरच बघत होते. मॅन्युअल माझ्याकडून काढून घेतलं आणि माझी रवानगी झाली डिस्पॅचमध्ये, चलनं टाइप करायला.

मी नोकरी सोडली नाही, दादांशी बोलणंही टाकलं नाही. खुळी म्हणा हवं तर. रविवारी त्यांच्या क्वार्टरवर माझं जेवण ठरलेलं, ते तसंच चालू राहिलं. देवासला मी एकटी, आणि कुमुदवहिनींच्या हातची आमटी म्हणजे माहेरच. दर वेळी वाटायचं, आज म्हणतील, सुधा, चूक माझी होती. मला ते काम परत नको होतं हो, नुसतं वाक्य हवं होतं. दादा हवापाण्याच्या गप्पा मारायचे, वर "लाजू नकोस, भात घे" म्हणायचे. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

परवा धारला वहिनींना भेटायला गेले. दादांच्या खोलीत त्यांचा चष्मा टेबलावर तसाच होता. वहिनी म्हणाल्या, "पेपरवाले त्यांच्यावर तुलाच लिहायला सांगताहेत ना? छान लिही हो. तुझ्यावर फार जीव होता त्यांचा." माझा तोल गेला. म्हटलं, जीव होता तर साहेबांपुढं का नाही बोलले?

वहिनींनी टेबलावरचा चष्मा उचलून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "ते सांगणार होते गं. त्या दिवशी घरी येऊन रडले. उद्या सांगून टाकतो म्हणाले. मीच नको म्हटलं. आमची मुलं शिकत होती, क्वार्टर कंपनीचं... तुझं काय, एकटा जीव, कुठंही निभावशील, असं वाटलं मला."

"आणि तरी मला जेवायला बोलवत होतात?"

"मीच म्हणायचे, बोलवा तिला. तेवढंच माझ्या हातात होतं."

म्हणजे त्या ताटावर बसणाऱ्या तिघांपैकी दोघांना सगळं ठाऊक होतं, आणि मी आपली आमटी वाढून घेत होते! दादांना माफ करायचं का, ते अजून ठरत नाही. त्यांच्यावर छान लिहायला जमलं नाही, जे झालं ते लिहिलं. वहिनींनी स्वयंपाकघरात पान घेतलं होतं, ऊन ऊन भात वाढला होता, "दोन घास खाऊन जा गं" म्हणत दारापर्यंत आल्या. मी चपला घातल्या. त्यांच्या घरातून मी उपाशी निघाले, पहिल्यांदाच.