घोड्यावरचा सोपान

पिंपरीच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला होतो. फाटकावरचा रखवालदार निरोप घेऊन आला, "दापोडीची तुमची आत्या गेली." मला रडू आलं नाही, राग आला. गयाआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिला जाऊन महिना उलटला, तरी तो राग जागचा हललेला नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं म्हणतात. ती चांगलीच होती. बाकीच्यांविषयी चांगलं लिहिणं मला जमेलसं वाटत नाही.

सोपान तिचा एकुलता एक. त्याचं लग्न ठरलं तेव्हा आत्या आपल्या सासरच्या गावच्या पाटलाच्या अंगणाबाहेर उभी राहिली आणि नवरदेव घोड्यावरून आणू का, असं विचारू लागली. आम्ही गावकुसाबाहेरचे. आमच्या नवरदेवाने पायीच यायचं, हा रिवाज. पाटील म्हणाला, "गये, घोड्याला इचारलंस का?" सगळी ओसरी खो खो हसली. पुढे लग्नाआधीच सोपान विषमज्वराने गेला... आणि आत्या गाव सोडून दापोडीला रुळाकडेच्या खोलीत आली. आल्यावर तिने एकच हट्ट पुरा केला, लेकाचा टाक करायचा. घरातलं माणूस गेलं की त्याची आकृती चांदीच्या लहानशा पत्र्यावर उठवून देव्हाऱ्यात ठेवतात, तो टाक. सोनाराने तिला पायरीखाली उभं केलं आणि टाक वरूनच तिच्या पदरात टाकला. साध्या उभ्या माणसाचा टाक त्याच्याकडे शिल्लक नव्हता, म्हणून त्याने तयार पडलेला वीराचा दिला, घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला. दुसरी कुणी असती तर भांडली असती. आत्या मात्र हरखून गेली. "बघ," मला म्हणाली, "बसला का न्हाई माझा सोपान घोड्यावर? म्हनावं पाटलाला, आता उतरवून दाखव!" इतकी मोठ्याने हसलेली मी तिला पुन्हा पाहिली नाही.

मग नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि पाठोपाठ आमच्या वस्तीनेही धम्म घेतला. आत्या सगळ्यांच्या पुढे होती, पांढरं लुगडं नेसून. त्या दिवसाचा मला आजही अभिमान आहे, तो कुणी माझ्याकडून काढून घेऊ नये. जुने देव नदीत सोडायचे ठरले. टोपल्या घेऊन सगळे मुळेच्या पुलाखाली जमले. म्हसोबा, मरीआई, देव्हाऱ्यात होतं नव्हतं ते आत्याने आपल्या हाताने सोडलं. टाक तेवढा कमरेला खोचला होता. वस्तीतल्या बौद्ध मंडळाच्या चिटणिसांना सगळे मास्तर म्हणत. तो त्यांच्या नजरेस पडला.

"गयाबाई, हा खंडोबा मागे का ठेवला?"

"ह्यो खंडोबा न्हाई, मास्तर. माझा सोपान हाय."

"घोड्यावर बसलाय, हातात तलवार आहे. हा देवच!"

तिने शपथा घेतल्या. कुणाला पटेना. आमचा पोरगा घोड्यावर असू शकतो हे पाटलाला पटलं नव्हतं, आता ते आमच्याच माणसांना पटत नव्हतं. घोडा दिसला की वर देवच असणार, माणूस आमच्यातला असूच शकत नाही! मास्तर दुष्ट नव्हते. त्यांनी तिला समजुतीने गोष्ट सांगितली, मेलेलं मूल कवटाळून बुद्धाकडे गेलेल्या आईची. ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मूठभर मोहरी आण, असं बुद्धांनी तिला सांगितलं. ती दारोदार फिरली आणि शहाणी झाली. आत्या म्हणाली, "तिला दारात उभं तरी केलं, मास्तर. आमाला कोन करतंय?" मास्तर काही बोलणार तेवढ्यात कुणीतरी तिच्या कमरेचा टाक ओढला आणि पाण्यात भिरकावला. लोक जयजयकार करत होते. तो पाण्यात पडल्याचा आवाजसुद्धा तिला ऐकू आला नाही, हे तिने मला नंतर कितीदा तरी सांगितलं.

तरी तिने धम्म सोडला नाही. बुद्धाच्या तसबिरीपुढे रोज मेणबत्ती लावायची, फुलं ठेवायची. मेणबत्ती म्हणजे ज्ञान, फूल म्हणजे कोमेजून जाणारा देह, असं मास्तर शिकवत आणि ती मान डोलवत ऐकायची. घरी आल्यावर म्हणायची, "समद्या वस्तूंचा अर्थ ठावं हाय मास्तरला. माझ्या टाकाचा तेवढा न्हाई." शेवटच्या दुखण्यात तिने माझा हात धरला. "बाळा, माझी राख पुलाखाली सोड. पोरगं हाय माझं तिथं..." मी हो म्हणालो.

मसणवटीत मी हे मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "राख नदीत सोडायची म्हणजे पुन्हा तीच कर्मकांडं. आपण विहाराशेजारी पिंपळ लावू." मी म्हणालो, "ती नदीकडे पुण्य मागत नव्हती हो, लेकाजवळ जाऊ द्या म्हणत होती." "लोक तसं समजणार नाहीत," मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचलो तेव्हा राख खड्ड्यात घालून वर रोप लावून झालं होतं.

रोप जगलं आहे. पौर्णिमेला आमच्या बायका त्याच्यापुढे मेणबत्त्या लावतात. परवा पाहतो तर पलीकडच्या आळीतल्या कुणी बाईने त्याला हळदकुंकू वाहून सूत गुंडाळलेलं. मास्तर चिडून ते तोडत होते. पिंपळ म्हणजे काय, हे त्या बाईलाही पाठ आहे आणि मास्तरांनाही. नदी तिथून हाकेच्या अंतरावर आहे.