चढावरची दहा मिनिटं

दुपारचे दोन वाजून गेलेले. जेवणाची भांडी तशीच ठेवून शुभदा लिमये खिडकीजवळच्या सोफ्यावर नुसती पाठ टेकते. झोपायचं नाही, असं ती स्वतःला बजावते. चार वाजता गिलियन येणार आहे, विद्याधरची सायकल घेऊन.

सकाळी फोनवर गिलियनने भीत भीतच विचारलं होतं, "तीन महिने झाले, सायकल आमच्याच गॅरेजमध्ये आहे. तुला नको असेल तर… मी ठेवून घेऊ का?"

"नको. आणून दे," शुभदा म्हणाली होती. सायकलचं करायचं काय, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला स्वतःला चालवताही येत नाही. पण ती गिलियनकडे राहायला नको, एवढं मात्र पक्कं होतं.

इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या या लहानशा गावात लिमय्यांना एकतीस वर्षं झाली. शुभदाचे यजमान विद्याधर इथल्या इस्पितळात भूल देणारे डॉक्टर होते. बावन्नाव्या वर्षी त्यांना सायकलचं वेड लागलं, आणि तेव्हापासून रविवार घरातून गेला तो गेलाच. गावातल्या सायकल क्लबात आठ-दहा जण होते. पण विद्याधरच्या चालीने चढ चढणारी एकटी गिलियन, निवृत्त झालेली भूगोलाची बाई. दोघांचं काही होतं, असं शुभदाला कधीच वाटलं नाही. तसं वाटायला जागा असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं, रडता आलं असतं. इथे होतं ते एवढंच, की रविवारी संध्याकाळी विद्याधर लालबुंद चेहऱ्याने घरी यायचे आणि प्रत्येक दुसरं वाक्य 'गिलियन म्हणते' असं सुरू व्हायचं. कुठल्या टेकडीमागून वेल्स दिसतं, मेंढ्यांना कोकरं कधी होतात, सगळं गिलियन म्हणे. "तुझ्या दशम्या तिला फार आवडतात गं," हेही कौतुकाने सांगायचे. पहाटे उठून दुधात कणीक भिजवणाऱ्या बाईला!

मार्चमधल्या एका रविवारी, मोठा चढ चढून गेल्यावर, विद्याधर रस्त्याकडेच्या गवतावर बसले. जरा दम खातो म्हणाले. रुग्णवाहिका यायच्या आधीच गेले. "दहा मिनिटं बोलत होते माझ्याशी," गिलियनने रडत सांगितलं होतं. काय बोलत होते, ते शुभदाने विचारलं नाही. अंत्यविधीला गिलियन इतकी रडली, की माणसं सांत्वनाला आधी तिच्याकडे गेली. शुभदा कोरड्या डोळ्यांनी खुर्चीत बसून ते बघत होती.

शेजारचा म्हातारा गवत कापायचं यंत्र फिरवतोय. आवाज जवळ येतो, लांब जातो. खिडकीतलं ऊन पापण्यांवर पडलंय. हळूहळू यंत्राची घरघर बारीक होत जाते, टिकटिक टिकटिक, उतारावर पायडल न मारता सोडलेल्या चाकासारखी.

"पाय जरा आत घे, मला बूट घालू दे."

विद्याधर सोफ्याच्या कडेला बसून बुटाचे पट्टे आवळताहेत. निळी जर्सी, डोक्यावर हेल्मेट. शुभदा पाय आत घेते. ते मेलेत हे तिला माहीत आहे, पण आता तो विषय काढणं बरं दिसणार नाही, असं तिला वाटतं.

"आज रविवार आहे?" ती विचारते.

"मग! चल ना."

"मला कुठे येते सायकल?"

"येते की," ते म्हणतात. आणि खरंच, ती चालवते आहे. सोफ्याच्या जागी काळाभोर अरुंद रस्ता आहे, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची झुडपांची कुंपणं, त्यांत पांढरी फुलं. कुंपणात मधेच फाटक आलं की पलीकडे टेकड्या दिसतात, एकीमागे एक, हिरव्या चादरीखाली कोणीतरी कूस बदलून झोपल्यासारख्या. वारा कानात शिरतो. इतकं सोपं होतं हे? मग इतकी वर्षं…

"हेच बघायला यायचात होय?"

"हेच."

"मला नाही कधी म्हणालात चल म्हणून."

"म्हटलं होतं. एकदा."

"एकदा म्हणे! मला सायकल येत नाही हे माहीत असून म्हटलं होतं. मी नाही म्हणावं म्हणूनच विचारलंत ते."

विद्याधर नुसते हसतात. हयात असतानाही ते असंच करायचे.

रस्ता वळतो आणि सांगली-मिरज रस्ता लागतो. पण शुभदाच्या हातात आता हँडल नाही. ती कॅरियरवर एका बाजूला बसली आहे. लग्नाला तीनच आठवडे झालेत. हिरव्या चुड्याचा हात नवऱ्याच्या कमरेला लावावा की सीटची स्प्रिंग धरावी, हे तिला ठरवता येत नाहीये. सायकल भाड्याची आहे. कुठूनतरी हळदीचा वास येतोय.

"धर की," पंचवीस वर्षांचे विद्याधर मान न वळवता म्हणतात. "पडशील."

ती धरते. घामाने ओल्या सदऱ्याखाली त्यांची पाठ ऊन लागते. हे गिलियनला कुठे मिळालं होतं? या विचाराने तिला इतका आनंद होतो, की तिची तिलाच लाज वाटते. ती मान काढून पुढे बघते, तर झाडांच्या सावलीत, वीस-पंचवीस हात पुढे, पिवळं जाकीट चाललंय. गिलियन. सांगलीतसुद्धा!

"ही इथे कशी?"

"कोण?"

"अहो, ती! तेव्हा तर तुम्ही तिला ओळखतही नव्हतात."

"पुढे कोणीतरी असलं म्हणजे चढ सोपा जातो गं."

"इथे कुठला आलाय चढ? सांगली सपाट आहे."

पण चढ आहे. इस्पितळातला लांबलचक वॉर्ड वर वर चढत चालला आहे, चकचकीत फरशीवर चाकं कुरकुरताहेत. दोन्ही बाजूंच्या खाटांवर मेंढ्या झोपल्यात, छातीपर्यंत पांढरी चादर ओढून, संथ श्वास घेत. विद्याधर जाता जाता एकेकीच्या नाडीला हात लावतात. शुभदा पुन्हा आपल्या सायकलवर आहे, आणि आता पायडल जड झालंय. मांड्या भरून येतात, तोंड कोरडं पडतं. पिवळं जाकीट तेवढ्याच अंतरावर, ना वाढत ना कमी होत.

"हळू. श्वास घे," विद्याधर बाजूला येऊन म्हणतात.

"मला तिच्या पुढे जायचंय."

"कशाला?"

"कशाला काय! तुमच्या फोनमध्ये दोनशे चौदा फोटो आहेत. मोजलेत मी. मेंढ्या आहेत, फाटकं आहेत, एका पबातला पुडिंगचा तुकडा आहे. आणि हे पिवळं जाकीट. मी एकात नाही."

"तू नव्हतीस तिथे."

"तेच म्हणतेय मी!"

तिचा आवाज वॉर्डभर घुमतो. एक मेंढी डोळा उघडते आणि मिटते. शुभदा दात-ओठ खाऊन पायडल मारते. जाकीट जवळ येतं, आणखी जवळ, हात लांबवला तर लागेल इतकं. फरशी संपून खडबडीत डांबर येतं, मोकळं आभाळ येतं, आणि ती पोहोचते. गिलियन नाहीच. एका लाकडी फाटकावर नुसतं पिवळं जाकीट वाळत घातल्यासारखं टाकलंय.

फाटकाशेजारच्या गवतावर विद्याधर बसले आहेत, पाय पसरून. चेहरा पांढरा आहे. ही कुठली जागा, ते शुभदाला कोणी सांगायची गरज नाही. तिची सायकल बाजूला कलते, तिच्या पायावर टेकते. ती तशीच उभी राहते.

"दशम्या तिला का दिल्यात?" ती विचारते. खरं तर तिला दुसरंच विचारायचं असतं.

"भूक लागली होती तिला."

"मी तुमच्यासाठी केल्या होत्या."

"माहीत आहे, शुभा."

खाली दरीत कोकरू ओरडतं. ढगाची सावली समोरच्या टेकडीवरून उतरते, शेतं ओलांडते, रस्त्यावर येते. आता विचारलं नाही तर राहून जाईल.

"दहा मिनिटं काय बोललात तिच्याशी?"

विद्याधर विचार करतात. एखाद्या पेशंटचं नाव आठवावं तसा. मग मान हलवतात. "नाही गं आठवत."

"नाही आठवत? माझ्या वाट्याची शेवटची दहा मिनिटं तिला दिलीत, आणि आठवत नाही?"

"दुखत होतं. तू रागावू नकोस. तिला विचारलंस का तू?"

"मी का विचारू? तिने ऐकलेलं मी तिच्याकडून मागून घेऊ?"

"मग राहू दे तिच्याकडेच."

हे ते चिडून म्हणत नाहीत. पेला टेबलावर राहू दे म्हणावं, तितक्या साधेपणाने म्हणतात. शुभदाला रडू फुटतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. त्यांच्याजवळ बसावं म्हणून ती खाली वाकू पाहते, पण सायकल पायावर कललेली, ती सोडता येत नाही. विद्याधर हात वर करतात. धरायला की निरोपाला, ते तिला कळत नाही. कुठेतरी घंटी वाजते, एकदा, मग लांबलचक.

दाराची बेल. शुभदा उठून बसते. चार वाजून पाच मिनिटं झालीत. गाल ओले आहेत. ते पदराला पुसावेत तसे कुशनलाच पुसून ती अनवाणी दाराशी जाते.

गिलियन पायरीवर उभी आहे. पांढरे केस वाऱ्याने विस्कटलेले, तीन महिन्यांत बरीच वाळलेली. सायकल भिंतीला टेकवून ठेवली आहे, पुसून लख्ख केलेली.

"मी आत येत नाही," गिलियन म्हणते. "ही घे. एवढंच."

ती वळते. दोन पायऱ्या उतरतेही.

"गिलियन," शुभदा म्हणते. घसा खाकरते. "त्या दिवशी काय बोलत होते ते?"

गिलियन वळून बघते. "मला वाटलं, तू कधी विचारणारच नाहीस," ती म्हणते. "मला माहीत नाही, शुभदा. ते तुमच्या भाषेत बोलत होते. सगळा वेळ. मी नुसती 'येस, येस' म्हणत हात धरून बसले. अकरा वर्षं आम्ही शेजारी शेजारी सायकल चालवली, आणि शेवटी ते जणू उठून तुझ्याच घरात गेले. मी बाहेर." ती ओठ चावते. "सांगायला नको, पण मला तुझा इतका राग आला होता! तू तिथे नव्हतीस, तरी."

शुभदा चौकट धरून उभी राहते. दोघी सायकलकडे बघत राहतात.

मग गिलियनची नजर खाली जाते आणि तिथेच थांबते. शुभदाने घरात घालायची थ्री-फोर्थ घातली आहे. तिच्या उजव्या पोटरीवर, आतल्या बाजूला, काळ्या वंगणाचा ठसा आहे. दातेरी चाकाचे सहा दात, एकाखाली एक, छापल्यासारखे स्पष्ट.

"हा तर चेनचा डाग," गिलियन हळूच म्हणते. "नवशिक्यांना हटकून लागतो, इथेच." ती सायकलकडे बघते, मग तिच्याकडे. सायकल आत्ता कुठे या घरी आलीय. "कुठे गेली होतीस तू?"

तिच्या आवाजातली ती बारीक धार शुभदाला ताबडतोब कळते. तीन महिने तिच्या स्वतःच्या घशात दुसरं काही नव्हतंच. ती वाकते, डागाला बोट लावते. बोट काळं होतं.

"चहा टाकते," ती म्हणते. "आत ये."

गिलियन आत येते. चहा होतो, दुसरा कपही होतो. गिलियन दोनदा आडून आडून विचारते. शुभदा साखर पुढे करते, बिस्किटं पुढे करते, सायकल शिकवशील का म्हणूनही विचारते. पण कुठे गेली होती, ते सांगत नाही.